नावाडणीचा खेळ

व्हिडिओ गेम मुलांना बिघडवतात का, असं लोक मला अजूनही विचारतात. मी वीसहून जास्त वर्षं याच व्यवसायात काढली, म्हणून विचारतात. मी सांगते, नाही बिघडवत. निदान टीव्हीपेक्षा तरी कमीच. मी स्वतः तासन्‌तास खेळले आहे. पडद्यावरच्या एखाद्या पडक्या किल्ल्यात संध्याकाळचा उजेड असा काही उतरायचा, की शत्रू, तलवार सगळं विसरून मी नुसती बघत राहायचे. तेव्हा या खेळांबद्दल माझ्या मनात अढी नाही. पण पुढचा प्रश्न येतो, तुम्हाला सगळ्यात आवडलेला गेम कोणता? तेव्हा मी काहीतरी नाव ठोकून देते. खरं उत्तर असं आहे, की तो गेम पडद्यावर नव्हताच. सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत, सतरंजीवर बसून, चिंचोक्याच्या सहा फोडी घेऊन आम्ही तिघीजणी तो खेळायचो. आणि तो मी मोडला.

नव्वदीची सुरुवात होती. माझं घर नारायणगुड्याला. आजोबा हैदराबादेत वकिली करायचे, वडील सरकारी कचेरीत होते. घरात मराठी मासिकं यायची आणि शुद्धलेखन चुकलं तर जेवताना त्यावर चर्चा व्हायची. माझी मैत्रीण मला कोठीच्या कॉलेजात भेटली. तिचे आजोबा नांदेडकडची शेती भावांवर सोडून हैदराबादेत आले आणि त्यांनी सुलतान बाजारात साड्यांचं दुकान घातलं. ती मराठीच बोलायची, पण तिच्या मराठीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ इतक्या सहज यायचे, की तिला ते मराठीच वाटायचे. शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू. त्यामुळे मराठी तिला वाचता यायचं नाही. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं लावायलाही तिला वेळ लागायचा. पण ती गोष्ट सांगायला लागली की कँटीनमधला चहा निवून जायचा.

एके दिवशी कोठीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला एक जाड इंग्रजी पुस्तक सापडलं. कव्हर नाही, पहिली काही पानं गायब. आत राक्षसांची चित्रं आणि कोष्टकंच कोष्टकं.

“ये क्या है?” तिने विचारलं.

“पता नहीं अम्मा. अंग्रेजी है. ले जाओ,” विकणारा म्हणाला.

आठवड्याने ती डोळे मोठे करून माझ्यापुढे बसली. “अगं, हा खेळ आहे. पण ह्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसतं बोलायचं! एकीने सांगायचं, समोर काय दिसतंय ते. दुसरीने सांगायचं, मी काय करते ते. जमलं का नाही ते फाशांनी ठरवायचं.”

पुस्तकात वीस-वीस बाजूंचे फासे सांगितले होते. तसले आम्ही जन्मात पाहिले नव्हते. आम्ही तीन चिंचोके फोडले. सहा फोडी टाकायच्या आणि पांढऱ्या बाजू मोजायच्या. चार किंवा जास्त पडल्या तर जमलं. पुस्तकातले ड्रॅगनही तिने काढून टाकले. “ते नक्को. आपण आपलं शहर करू.”

तिचं शहर असं होतं: मधून नदी आणि नदीला पूल नाही. कधीकाळी पूर आला आणि सगळे पूल वाहून गेले. दोन्ही काठांच्या माणसांनी एकमेकांना कित्येक वर्षं पाहिलेलं नाही. अल्याडच्या आयांच्या मुली पल्याड आहेत, अल्याडच्या देवळाचा कळस पल्याड पडला आहे. मी त्यात टपाल नेणारी बाई झाले. माझ्या पिशवीत चाळीस वर्षांची पत्रं होती आणि ती पलीकडे पोचवायची होती. ती बोलायची आणि मी वहीत लिहून घ्यायचे. कुठला घाट, कुठला दरवाजा, कोण काय म्हणालं. अक्षर माझं चांगलं होतं.

दुपारी दोन वाजता दुकानातले पुरुष जेवून खाली जायचे. तिची आई आडवी व्हायची. तीन ते पाच ती खोली आमची. चहा तिची वहिनी आणायची.

वहिनींचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. गोदावरीकाठच्या एका खेड्यातल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. आमच्यापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठ्या असतील. चहा ठेवून त्या दारातच उभ्या राहायच्या. तीन दिवस त्यांनी नुसतं ऐकलं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “वन्सं, एक इचारू? पूल न्हाई तर नाव कामून न्हाई?”

मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग ती म्हणाली, “नाव आहे वहिनी. पण चालवायला कुणी नाही.”

“मी चालवते की. माझा काका चालवायचा आमच्या गावाला.”

“बसा मग. पण नावेचं भाडं काय घेणार?”

वहिनींनी पदर सावरला आणि सतरंजीच्या कडेला बसल्या. बराच वेळ विचार केला. “पैशे नको. नावंत बसायचं तर एक खरं सांगायचं. कुणालाच न सांगितलेलं.”

तिथून तो खेळ वेगळाच झाला.

मी पहिली उतारू. टपालवाली म्हणून मी सांगितलं, “माझ्या पिशवीतली दोन पत्रं मी फोडून वाचली आहेत.”

वहिनींनी मान हलवली. “हे तुम्ही आत्ता बनवलं, ताई. खरं सांगा.”

“खेळातलं खरं सांगायचं ना?”

“नाव माझी हाय,” त्या म्हणाल्या. “मी म्हणते ते.”

मैत्रीण हसत होती. मी चिडले, चहा प्यायले. आणि मग मी काय केलं, ते मला अजून कळत नाही. मी सांगून टाकलं, की वडिलांनी भरायला लावलेल्या बँकेच्या परीक्षेला मी गेलेच नव्हते. तीन तास पब्लिक गार्डनमध्ये बाकावर बसून घरी आले आणि पेपर कठीण होता म्हणून सांगितलं. हे मी मैत्रिणीलाही बोलले नव्हते.

वहिनींनी सतरंजीवरची माझी वही उचलून बाजूला ठेवली, जणू जागा करून देत होत्या. “बसा,” म्हणाल्या.

दीड वर्षं आम्ही खेळलो. आठवड्यातून दोन दिवस, कधी तीन. तोवर सगळ्या घरांवर केबलच्या तारा आल्या होत्या आणि वहिनींच्या नवऱ्याने घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. मला तो प्रचंड आवडला. मोटारी, उड्या मारणारी माणसं, एकामागून एक टप्पे. मी वेड्यासारखी खेळायचे. वहिनींच्याही हातात दिला. त्यांची मोटार दरीत पडली, परत रस्त्यावर आली, परत पडली. त्यांनी ते बटणांचं यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं. “ह्याला काही सांगता येत न्हाई हो. आपलं ऐकतच न्हाई.” आम्ही दोघी खूप हसलो होतो.

एकदा मैत्रिणीने डाव उलटवला. उतारू म्हणून एक म्हातारी आणली आणि तिच्या आवाजात म्हणाली, “सगळ्यांचं खरं ऐकतेस बाई. आज तू एक सांग.”

वहिनी फोडी हातात खुळखुळवत राहिल्या. “लग्नात माझं नाव बदललं. नवं नाव पण कुणी घेत न्हाई. सूनबाई, वहिनी, अगं, ऐकलंस का. माझ्या नावानं मला शेवटची हाक मारली ती आईनं, गाडीत बसताना.”

खालून दुकानातून कुणीतरी कापड फाडल्याचा आवाज आला. मैत्रिणीने वही माझ्यापुढे ओढली, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “नावाडणीचं नाव लिही.” वहिनींनी आपलं माहेरचं नाव सांगितलं. मी लिहिलं. त्यानंतर त्या खोलीत, तीन ते पाच, आम्ही त्यांना त्याच नावाने हाक मारायचो. पाच वाजले की परत वहिनी. ते नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहून मी जे केलं तेवढं पुरे आहे.

पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरी गेल्या. जायच्या आदल्या दिवशी आम्ही थोडा वेळ खेळलो. टपालवाली अखेर पलीकडच्या काठाला निघाली होती, नाव नदीच्या मध्यात होती. मैत्रिणीने विचारलं, “समोर काय दिसतंय, तुम्हीच सांगा आज.”

“आल्यावर सांगते,” त्या म्हणाल्या. “इचार करून ठेवते. तवर नाव हितंच थांबवा. कुठं जाऊ देऊ नका.”

मी वहीत ते तसंच लिहिलं.

दोन महिन्यांनी दुकानात फोन आला. रक्त थांबलं नाही, तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मूलही राहिलं नाही. मला हे मैत्रिणीने कॉलेजच्या फाटकात सांगितलं. ती रडत नव्हती. रस्ता ओलांडताना गाड्या बघतात तसं इकडेतिकडे बघत होती. चौदाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सतरंजी गुंडाळून उभी केलेली होती. मी बरोबर आणलेल्या चार वह्या तिच्यापुढे ठेवल्या. तिने हात लावला नाही. “तुझ्याकडेच राहू दे,” म्हणाली.

आम्ही परत कधी खेळलो नाही. मैत्री मात्र राहिली. ती बी.एड. करून नारायणगुड्याच्याच एका शाळेत शिकवायला लागली. मी अमीरपेटला कॉम्प्युटरचे कोर्स केले. शहरात सगळीकडे तेच चाललं होतं, प्रत्येक खांबावर कोर्सची जाहिरात. मला बेगमपेटच्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी ते सीडीवरचे गेम बनवत. मी तिथली एकटी मुलगी होते आणि फार खूश होते.

एक दिवस आमचे साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाला काहीतरी भारतीय पाहिजे, कुणाकडे गोष्ट आहे का? मी हात वर केला.

हात वर करताना मला मैत्रिणीची आठवण झाली नाही, असं मी सांगणार नाही. झाली. मी स्वतःची समजूत घातली, की नाहीतरी वह्या पडून आहेत, निदान त्या शहराला कुणीतरी पाहील. नावाडणीचं नाव मी बदललं नाही, कारण मला वाटलं, ही त्यांची आठवण राहील. आणि अक्षर माझं होतं. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो!

पहिले सहा महिने सोन्यासारखे गेले. घाट उभे राहिले, दरवाजे उभे राहिले. चित्र काढणाऱ्यांनी नदीचं पाणी असं केलं, की मी रोज सकाळी आधी ते बघायचे. अडचण आली ती नावेपाशी.

“मॅडम, सच बोला के झूट, ये मशीन को कैसे मालूम?” प्रोग्राम लिहिणाऱ्याने विचारलं. त्याचं बरोबरच होतं. मग आम्ही तीन वाक्यं दिली, त्यांतलं एक निवडायचं. खेळून बघणारे कंटाळले; एका मिनिटात कुठलंही बटण दाबून पुढे जायचे. आज इतक्या वर्षांनीही या खेळांबद्दल माझं एकच ठाम मत आहे, ते तिथे झालं. कॉम्प्युटर तुम्हाला जग दाखवू शकतो, अगदी डोळ्यांत पाणी येईल असं दाखवू शकतो. पण तुम्ही काहीतरी बोललात आणि ते ऐकून समोरच्याने जागा करून दिली, हे त्याला येत नाही. निदान आमच्या त्या कॉम्प्युटरला येत नव्हतं. हे तेव्हाच मी मोठ्याने बोलले असते तर बरं झालं असतं.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, “ही नावेवरची बाई गेम अडवून ठेवते. मग तिला खरंच अडवू द्या. लढाई ठेवा. नदीतली चेटकीण करा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, “ठीक आहे सर.” एवढंच. वाद घातला नाही, एक दिवस मागितला नाही. संध्याकाळपर्यंत चेटकिणीचे संवाद लिहून दिले. आणि कामाच्या घाईत चेटकिणीचं नाव तेच राहिलं, हे तर मला जाणवलंसुद्धा नाही.

गेम पुरा झाल्यावर एका शनिवारी दुपारी मी मैत्रिणीला ऑफिसात बोलावलं. “तुला काहीतरी दाखवायचंय,” एवढंच सांगितलं. ती शाळेतूनच आली, पिशवीत पेपरांचा गठ्ठा. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं, हेडफोन घातले.

शहर दिसलं आणि तिने माझं मनगट धरलं. “अगं! हा तर आपला घाट आहे! कळस बघ, पलीकडेच पडलाय!” तिच्या तोंडावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेलं हसू होतं. मला धन्य वाटलं. ती दोन टप्पे अडखळत खेळली. मग नदी आली. पाणी उकळलं आणि त्यातून मोकळ्या केसांची, लाल डोळ्यांची बाई वर आली, हातात वल्हं घेऊन. तिच्या डोक्यावर लाल पट्टी, किती जीव उरला ते दाखवणारी, आणि पट्टीवर इंग्रजीत नाव.

मराठी वाचता न येणाऱ्या माझ्या मैत्रिणीने ते नाव मोठ्याने वाचलं.

“हे काय आहे?”

मी अजून पाण्याबद्दलच बोलत होते, किती कठीण असतं ते करणं वगैरे. “हिला मारल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही,” मी म्हणाले. तिने कीबोर्डला हात लावला नाही. तेव्हा मी तिच्या खांद्यावरून वाकले आणि दाखवलं. पाच-सहा वार. ती बाई किंचाळली आणि पाण्यात बुडाली.

“गेली?”

“गेली. पण त्याआधी आपणच मेलो तर पहिल्यापासून. मग ती परत वर येते.”

“परत उठते.”

“हो.”

“आणि परत मारायचं.”

आता मला कळलं. तिने हेडफोन काढले, त्याची वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली, पिशवी घेतली. मी तिच्या मागे जिना उतरत गेले, काहीबाही बोलत. साहेब, गिऱ्हाईक, मशीन. बसस्टॉपवर ती थांबली.

“वहिनी गेल्या तेव्हा मला कुणी म्हणालं असतं ना, एकदा उठवतो, फक्त एकदा,” ती हळू आवाजात म्हणाली, “तर मी काय पण दिलं असतं. तू रोज उठवतेस त्यांना. आणि कशाला उठवतेस, बघ.”

बस आली, ती चढली.

सोमवारी मी साहेबांकडे गेले. निदान नाव तरी बदला, असं मी त्यांना म्हणाले. सीडी केव्हाच रवाना झाली होती. तो गेम परदेशात कुणी किती खेळला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दोन वर्षांत ती कंपनीही बंद पडली आणि मी दुसरीकडे लागले, तशीच कामं करत.

त्या आठवड्यातच मी चारही वह्या घेऊन सुलतान बाजारात गेले. तिनेच दार उघडलं. आत ये म्हणून हाताने दाखवलं. ती खोली आता गोदाम झाली होती, भिंतीला लावून साड्यांचे गठ्ठे. तिने एक वही उघडली, माझ्या अक्षरावरून बोट फिरवलं, पान उलटलं.

“वहिनी शेवटचं काय म्हणाल्या होत्या, ते काढ. वाचून दाखव.”

मी पान काढलं. “आल्यावर सांगते. विचार करून ठेवते. तोवर नाव इथेच थांबवा. कुठे जाऊ देऊ नका.”

“असं नव्हत्या म्हणाल्या त्या,” ती म्हणाली.

खरंच होतं. मी बोट ठेवून पाहिलं, वहीत ‘तवर’ आणि ‘हितंच’ लिहिलेलं होतं. वाचताना मीच शुद्ध केलं होतं, सवयीने. मी परत वाचलं, लिहिलं होतं तसं. तिने ऐकलं. मग वही मिटून माझ्या हातातून घेतली आणि बाकीच्या तीन वह्यांवर ठेवली.

“मला मराठी वाचता येत नाही, हे तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “म्हणून तर तुझ्यावर सोडलं होतं मी.”

मी माफी मागितली. किती वेळा मागितली ते आठवत नाही. तिने चहा विचारला. मी नको म्हणाले. खाली येईपर्यंत ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती, एवढं कळलं. वर बघायची हिंमत झाली नाही.

पुढे मी दोन-तीनदा फोन केला. तिची आई म्हणायची, शाळेत गेलीय. सुट्टीच्या दिवशीही म्हणायची. मग मी थांबले. तिचं लग्न झाल्याचं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

नंतर एकदाच भेटलो, कोठीच्या एका डॉक्टरांकडे. मी वडिलांचे रिपोर्ट घेऊन बसले होते. समोरच्या बाकावर ती होती, केस बरेच पांढरे झालेले, शेजारी तिची पंधराएक वर्षांची मुलगी. मुलगी मोबाइलवर काहीतरी खेळत होती आणि मैत्रीण तिच्या खांद्यावरून बघत होती; हसून काहीतरी विचारत होती. मला वाटलं उठून निघून जावं. तेवढ्यात तिने मान वर केली.

ती उठून माझ्याजवळ आली. मी उभी राहिले. वीस वर्षं मी जे बोलायचं ठरवत होते ते सगळं तोंडाशी आलं.

“कशा आहात तुम्ही?” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. शाळेत मुलांच्या आयांशी बोलत असेल, तशीच ती माझ्याशी बोलत होती. मी म्हणाले, बरी आहे, वडिलांची तब्येत जरा… तिने वडिलांची चौकशी केली, कधीपासून त्रास आहे, काय निघालं, अगदी नीट चौकशी केली. मुलीला बोलावून नमस्कार करायला लावला. मुलीने विचारलं, “आई, ह्या कोण?”

“आमच्या कॉलेजात होत्या,” ती म्हणाली.

मग तिचा नंबर पुकारला आणि त्या दोघी आत गेल्या.